बावन्न सालाच्या अलीकडे

यावर तुमचा विश्वास बसला तर मी माझं नाव बदलीन: सरकारच्या एका बड्या अधिकाऱ्याने भर परीक्षेत, साठ माणसांच्या देखत, एका प्रबंधाचा अख्खा पुरावा पांढरं चीज आणि काकडी लावून खाल्ला, बोटं चाटली आणि अल्लाचे आभार मानून ढेकर दिला. हे मी आमच्या शहरात इतक्या वेळा सांगितलंय की मी न्हाव्याच्या दुकानात शिरलो की लोक विचारतात, डॉक्टर वगीह, आज त्याने किती रोट्या खाल्ल्या? आकडा माझ्या तब्येतीवर असतो. एरवी तीन, सर्दी झालेली असली तर दोन, आणि ऐकणारे कैरोचे असले तर सात. त्या गोष्टीत अधिकाऱ्याला मिशा आहेत, बुटांना चकाकी आहे, काकडीला मीठ आहे. ज्याचा तो प्रबंध होता त्या विद्यार्थ्याला मात्र नाव नाही. 'एक पोरगा होता' म्हणतो मी, आणि पुढे जातो. पंधरा वर्षांत त्याचं नाव कुणी विचारलं नाही. गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, कॉलेजच्या हॉलला लागून असलेल्या चहाच्या खोलीत, एका मुलीने ते आपणहून घेतलं आणि माझ्या हातातला पेला हिंदकळला. चहा पँटवर सांडला. एवढंच झालं. पण मंगळवारपासून मी जागच्या जागी बसू शकत नाही; बसलो की गुडघा हलतो, उठलो की पुन्हा बसावंसं वाटतं, आणि बायको म्हणते की या घरात एक पेंडुलम पुरे होता.

मुलीचं नाव नुहा. त्या दिवशी तिच्या प्रबंधाची जाहीर परीक्षा होती. कैरोहून यायचे परीक्षक शेतांमधून येणाऱ्या हमरस्त्यावर बिटांचा ट्रक उलटल्यामुळे अडकले होते, म्हणून आम्ही सगळे त्या खोलीत खोळंबलो होतो. नुहाची आई, तिची सौसनमावशी, पेटीफूर बिस्किटांचे आठ डबे, पेरूचा रस, जास्वंदीचं सरबत, आणि ओव्हनमधून आणलेला एवढा मोठा मकरोनीचा ट्रे की तो दारातून तिरपा करून आत घ्यावा लागला. आमच्याकडे परीक्षा असते प्रबंधाची आणि निकाल लागतो टेबलाचा. परीक्षक आत काय बोलले हे कुणाला आठवत नाही. कुणाच्या आईने काय केलं होतं ते वीस वर्षं आठवतं. अम्म बयूमी कोपऱ्यात स्टोव्हपाशी चहा करत होता. कॉलेजचा शिपाई, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण सगळे त्याला अम्म म्हणतात, काका, आणि मीही म्हणतो. सौसनमावशी मला म्हणाली की डॉक्टर, तुमच्या गोष्टी फार ऐकल्यात, आज एखादी होऊन जाऊ द्या, नाहीतर या पोरीला भीतीने घेरी येईल. मी तोंड उघडणार एवढ्यात काळा झगा घातलेली नुहा माझ्या शेजारी येऊन बसली, मांडीवर फाइल ठेवली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, शाकिर अब्दुल-बारी तुम्हाला आठवतो?"

नावं ही विचित्र वस्तू आहे. चेहरा विसरता येतो, आवाज विसरता येतो, पण एखादं नाव कानाशी आलं की त्याच्यामागून बाकीचं सगळं सामान घेऊन येतं. शाकिरबरोबर आधी पिठाचा वास आला. भट्टीतून नुकत्या निघालेल्या सरकारी रोटीचा, कोंड्याचा आणि किंचित करपलेला. तो माझ्या खोलीत यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला तो वास असायचा, कारण तो पहाटे भट्टीसमोरच्या रांगेत उभा राहून आलेला असायचा. खिशातून सोनाराचा काटा काढायचा, त्याच्या आजोबांचा, पितळी, घडी होणारा. माझ्या टेबलावर कागद पसरून रोटी तोलायचा. वहीत लिहायचा. अमुक भट्टी, अमुक तारीख, इतके ग्रॅम. जुन्या वर्तमानपत्रांत, भट्टीवाल्यांच्या म्हाताऱ्या विधवांच्या आठवणींत, लष्करी कोठारांच्या पावत्यांत त्याने साठ वर्षांची रोटी शोधून काढली होती, आणि ती कशी दर राजवटीत बोटभर आटत गेली ते दाखवत होता. किंमत तीच, रोटी लहान. मी हसून म्हणायचो, शाकिर, तू इतिहास करतोयस की वाणसामान? तो गंभीरपणे म्हणायचा, डॉक्टर, आपल्याकडे दुसरा इतिहास कुठे आहे.

"शाकिर," मी नुहाला म्हणालो, "म्हणजे तो उंच?"

"मी त्याला पाहिलेलं नाही. नोंदवहीत पाहिलंय."

तिचा विषय साळसूद होता, म्हणजे दिसायला. आमच्या कॉलेजातल्या इतिहास-संशोधनाची पन्नास वर्षं. कोण कशावर लिहीत होतं, कुठली साधनं वापरत होतं, वगैरे. मीच कुणालातरी म्हणालो होतो की यात धोका नाही, यात झोप आहे. पण ती पोरगी तळघरात जाऊन विषयनोंदणीच्या मोठ्या वह्या उघडून बसली, आणि तिला खोडलेल्या ओळी सापडल्या. आधी काळ्या शाईत एक शीर्षक. त्यावर लाल रेघ. वर दुसरं शीर्षक. अशी एक्केचाळीस. आणि त्या एक्केचाळिसांतली सदतीस नवी शीर्षकं एकाच शब्दसमूहाने संपत होती: 'इ. स. १९५२ पर्यंत'.

आता ही युक्ती माझी, हे मी नाकारत नाही. न्हाव्याच्या दुकानात मी तिची बढाईही मारली आहे. राजा गेला ते साल बावन्न. त्याच्या अलीकडे जे जे घडलं त्याचा कुणी ना कुणी वारस कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर बसलेला असतो. म्हणून विद्यार्थी एखादा जिवंत विषय घेऊन आला, कालवा, संप, तुरुंग, जमीन, की मी म्हणायचो, फार सुंदर, फक्त सालं मागे ढकल. गिरणी-कामगारांवर लिहितोस? लिही की, मामलुक सुलतानांच्या काळातल्या विणकरांवर. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत आणि त्यांचे मेहुणे मंत्रालयात नसतात. हळूहळू सांगावंही लागेना. मुलंच घाबरून आधीच मागे जाऊन यायची, कुणी ऑटोमन, कुणी त्याच्याही आधी. आमच्या ग्रंथालयात तुम्ही एक दुपार घालवलीत तर तुमची खात्री पटेल की बावन्न सालच्या जुलैमध्ये या देशातली सगळी माणसं काम सोडून झोपली आणि अजून उठलेली नाहीत. शाकिर एकटा मागे जायला तयार झाला नाही. तो म्हणाला, डॉक्टर, रोटी मी आज सकाळी खाल्ली, मी मामलुकांकडे कशाला जाऊ?

नुहा सांगत होती आणि मी मान हलवत होतो. विभागप्रमुखांनी तिला काल बोलावून घेतलं होतं. म्हणाले, पहिली दोन प्रकरणं वाच आणि तिसरं सोडून दे, आजच्या आज पदवी, आणि इथल्या नोकरीचा कागद मी स्वतः पुढे सरकवतो. तिसरं वाचलंस तर मी थांबवणार नाही, पण मागच्या रांगेत एकजण बसलेला असेल, आणि पुढचं मला काही सांगता येत नाही. म्हणून तिने फाइलमध्ये तिसरं प्रकरण वेगळं लावलं होतं, क्लिप घालून. काढायचं तर एका हाताने निघावं असं.

"बाकीची चाळीस शीर्षकं नोंदणीच्या वेळीच बदलली," ती म्हणाली. "त्याला कुणीही सल्ला म्हणेल. हे एकतीस नंबरचं एकच असं आहे की प्रबंध लिहून झाला, छापून झाला, आणि ऐन परीक्षेच्या तारखेला लाल रेघ आली. कारणाचा रकाना कोरा. मार्गदर्शकाच्या रकान्यात तुमचं नाव. माझं सगळं प्रकरण या एका रेघेवर उभं आहे, डॉक्टर. शाकिरने आपणहून विषय सोडला असेल तर मी उगाच कुणावर आळ घ्यायची नाही, मी ते वाचणार नाही. पण तसं नसेल तर वाचीन. तुम्ही सांगाल ते खरं धरीन."

तुम्ही सांगाल ते खरं धरीन. माझ्या आयुष्यात हे वाक्य मला कुणी म्हणालेलं नाही. आईसुद्धा नाही.

 एक घोट. दोन घोट. चहा संपला होता तरी मी पेला तोंडाला लावला, आणि तळाचा पुदिना ओठाला चिकटला. मला त्या क्षणी दिसत होती ती दुसरीच खोली. थंड, गालिचा असलेली, बाहेर ऊन आणि आत जवळजवळ जानेवारी. शाकिरच्या परीक्षेआधी मला कॉफीला बोलावलं होतं. आमच्याकडे 'या एकदा कॉफीला' असं सुरक्षा-खात्याच्या त्या कचेरीतून कुणी म्हणालं की माणूस जायच्या आधी बायकोला कपाटाची किल्ली देऊन जातो. अधिकारी तरुण होता, मिशा नव्हत्या, बुटांकडे माझं लक्ष गेलं नाही. किती साखर, विचारलं. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, कुठला गुडघा हेही त्याला ठाऊक होतं. माझी मुलगी शिष्यवृत्तीवर फ्रान्सला जायची होती, तिला शुभेच्छा दिल्या, तिच्या विषयाचं नाव माझ्याहून बरं उच्चारलं. मी वाट पाहत होतो. आता म्हणेल, आता म्हणेल. कपाच्या तळाशी गाळ आला तरी तो काही म्हणाला नाही. उठताना फक्त म्हणाला, "डॉक्टर, मला खरंच कुतूहल आहे. रोटी हा इतिहास असतो का?" आणि मी, वीस वर्षं शिकवलेला माणूस, त्या पोराला साहेबासारखं बाशा म्हणत, दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणालो, "नाही, बाशा. इतिहास बावन्नपर्यंत असतो."

तो हसला. खरोखर विनोद आवडल्यासारखा. यापलीकडे त्याने मला काही सांगितलं नाही, काही मागितलं नाही, कशावर सही करायला लावली नाही. अधिकाऱ्याने रोट्या खाल्ल्या हे लोक हसत हसत मानतील. त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं हे कुणी मानायचं नाही. जे केलं ते मी घरी येऊन, माझ्या टेबलावर, माझ्या पेनाने केलं, आणि काय केलं ते आत्ता या वाक्यात लिहायचं म्हटलं तरी बोट पुढच्या वाक्याकडे पळतं.

तर मी गोष्ट सुरू केली. सौसनमावशीकडे तोंड करून, मोठ्या आवाजात. आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. खोटं बोलायचं असेल तर एक बोलू नये, दोन बोलावीत. एक उंटाएवढं आणि एक त्याच्या पोटाखाली बसलेलं. लोक उंट पकडतात, टाळ्या देतात, पकडला म्हणून खूश होतात, आणि खालचं चालत चालत वेशीबाहेर निघून जातं. प्रबंधात आम्ही हेच तळटिपांनी करायचो. मी सांगितलं की शाकिरच्या परीक्षेला शाकिरच्या आईने चारशे रोट्या आणल्या होत्या, शहरातल्या प्रत्येक भट्टीची एक, प्रत्येकीवर चिठ्ठी, तारीख, ग्रॅम. हॉलमध्ये पीठ एवढं उडत होतं की परीक्षकांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मागच्या रांगेतला अधिकारी उठला आणि म्हणाला, हा पुरावा मी जप्त करतो. मी उभा राहिलो, टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, बाशा, आमच्या घरी आलेला माणूस उपाशी जात नाही, जप्त कशाला, जेवूनच जा. शाकिरच्या आईने चीज पुढे केलं. एक रोटी, दोन, तीन.

"सात," सौसनमावशी डोळे पुसत म्हणाली. "मागच्या वेळी सात ऐकल्या होत्या."

"कैरोच्या लोकांपुढे सात," मी म्हणालो. "तुम्ही घरच्या, तुम्हाला पाच."

नुहाची आई हसताना तोंडावर रुमाल धरत होती. एका खुर्चीवरचा डबा सरकून पडता पडता राहिला. हसण्याची ती ऊब मला ओळखीची आहे. ती अंगावर आली की माझी जीभ सैल होते आणि मला वाटतं की आता काहीही सांगितलं तरी चालेल. तेवढ्यात, त्या उबेतच, मी पोटाखालचं सोडून दिलं. अगदी साधेपणाने, नुहाकडे वळून, आवाज उतरवून. म्हणालो की थट्टा राहू दे, पोरी, खरं एवढंच आहे की परीक्षा झाली, छान झाली, शाकिर पास झाला. पण त्याच सकाळी त्याला कुवेतच्या शाळेतल्या नोकरीची तार आली होती, आणि तिथल्या लोकांना असला विषय कागदावर नको होता, म्हणून त्याने स्वतःच मला शीर्षक बदलायला सांगितलं. लाल रेघ त्याच्या विनंतीवरून मारली. रकाना भरायचा राहिला, ती माझी हयगय. तो तिकडेच आहे. मजेत आहे. चार मुलं आहेत.

चार मुलं मी का घातली कोण जाणे. तीन पुरली असती.

तो कुवेतला नाही. परीक्षेची तारीख गेल्यावर दोनेक आठवड्यांनी तो पुन्हा पहाटे एका भट्टीसमोर रोटी तोलत होता. प्रबंध गेला होता, सवय राहिली होती. रांगेतल्या कुणीतरी पोलिसाला बोलावलं. शाकिरने खिशातून कॉलेजचं पत्र काढून दाखवलं, गरुडाचा शिक्का असलेलं, माझ्या सहीचं, 'हा आमचा संशोधक आहे, कृपया सहकार्य करावं'. चौकीतून मला फोन आला. सकाळचे आठ वाजले होते, मी अंडं सोलत होतो. हा तुमचा विद्यार्थी आहे का? मी म्हणालो की होता. ते पत्र चालू आहे का? मी म्हणालो की नाही, आता नाही. अंडं हातात गरम होतं. फोन ठेवल्यावर मी ते खाल्लं, मीठ लावून. शाकिर सात महिने आत होता. काटा परत मिळाला नाही म्हणतात.

आणि त्यानंतर मी त्याला एकदा पाहिलंय, हे मी कुणालाही, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. रेल्वेच्या पुलापलीकडच्या बाजारात मी पेरू घ्यायला थांबलो. गाडीवर वाकून एक माणूस पेरू निवडत होता, दाढी पांढरट, मनगटं तीच. त्याने एक किलो तोलला, काटा बरोबर मध्ये आला, मग त्याने आणखी एक पेरू उचलून वर ठेवला आणि पिशवी माझ्या हातात दिली. वर पाहिलं नाही. त्याने मला ओळखलं नाही असं मी पूल ओलांडेपर्यंत स्वतःला सांगत होतो. घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवली, आणि मला ते पेरू खाता येईनात, टाकताही येईनात. पाच दिवसांत त्यांचा वास आधी स्वयंपाकघरात, मग बैठकीत, मग माझ्या पुस्तकांत शिरला. गोड, जड, नाकाच्या मागे बसणारा. बायकोने शेवटी ते फेकले आणि खिडक्या उघडल्या. मंगळवारी त्या चहाच्या खोलीत पेरूचा रस जगमध्ये भरलेला होता, आणि मी बसलो होतो त्या जागेवर तोच वास येत होता. म्हणून मी भरभर बोलत होतो. शेवटाकडे मी नेहमीपेक्षा फार भरभर बोललो.

 मला वाटलं नुहा आता विचारेल, तार कुठे आहे, पास झाल्याचा दाखला कुठे आहे. संशोधक आहे, विचारायला हवं. तिने विचारलं असतं तर, मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत तुम्हाला कळली आहेच, तर कदाचित मी मोडलो असतो. मला मोडायचं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, आता गुडघा हलतो तेव्हा कळतं. निम्मा मी तिने ते प्रकरण वाचावं म्हणून आत धडका देत होता, तिने हॉलमध्ये उभं राहून स्वच्छ आवाजात एकतीस नंबर म्हणावं, माझं नाव म्हणावं, आणि मला एकदाचं खाली बसू द्यावं. उरलेला निम्मा मी तिच्या चेहऱ्यावरची रेषा न् रेषा मोजत होतो, विश्वास बसला की नाही, बसला की नाही. आणि दोघेही मी एकच सबब पुढे करत होतो: पोरीचं भलं. तिला पदवी मिळेल. नोकरी मिळेल. तिची आई त्या मकरोनीसाठी पहाटेपासून उभी आहे.

बाहेर गाडीचा हॉर्न झाला. कैरोचे परीक्षक आले होते. नुहाची आई उठली, सौसनमावशीने झग्याची कॉलर सरळ केली. नुहाने फाइल उघडली, क्लिप काढली आणि तिसरं प्रकरण वेगळं केलं. चोवीस-पंचवीस पानं असतील, कडा बोटांनी मऊ झालेल्या.

"बरं वाटलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बरं वाटल्यासारखा नव्हता. "मी एका माणसाबद्दल उगाच वाईट लिहिणार होते. हे तुमच्याकडे ठेवा, डॉक्टर. माझ्याजवळ राहिलं तर आत गेल्यावर हात वळेल."

मी हात पुढे केला. पानांचं एक टोक माझ्या बोटांत आलं, दुसरं तिच्या. मला आठवतंय की ती पानं मला वाटली होती त्याहून हलकी होती.

अम्म बयूमीने स्टोव्ह बंद केला. तो सुरसुरत असतो तोवर त्याचा आवाज असतो हे लक्षात येत नाही. बंद केल्यावर खोली एकदम मोठी झाली. त्याने हातातली पेल्यांची थाळी टेबलावर ठेवली आणि फडक्याला हात पुसले.

"हे खोटं आहे, डॉक्टर," तो म्हणाला.

सौसनमावशी हसली. म्हणाली की अम्म बयूमी, तुला आज कळलं होय, पाच रोट्या एका बैठकीत आमच्या भावोजींनाही जात नाहीत.

"रोट्यांचं मी बोलत नाही, बाई. रोट्या ते खुशाल सांगू देत, मलाही आवडतात." त्याने माझ्याकडे नाही, नुहाकडे पाहिलं. "त्या दिवशी परीक्षा झालीच नाही. हॉलला कुलूप मी घातलं, या हाताने. डॉक्टरांची चिठ्ठी आली होती सकाळी, दोन ओळींची, की प्रकृती बरी नाही आणि हा विद्यार्थी यापुढे माझा नाही. मीच ती वर कचेरीत नेऊन दिली. पोरगा सूट घालून आला होता. त्याची आई सरबताचं भांडं मांडीवर घेऊन जिन्यात बसली, दुपार झाली तरी उठेना."

कुणीतरी बाहेरून हाक मारली, नुहा, चल, परीक्षक बसले. ती जागची हलली नाही. पानं माझ्या बोटांतून निघून गेली. तिने ओढली की मी सोडली, ते अजून मला सांगता येत नाही.

"मी त्या आईला म्हणालो की डॉक्टर इस्पितळात आहेत, बेशुद्ध आहेत, नाहीतर आले असते," अम्म बयूमी म्हणाला. "तेवढं खोटं माझं, पोरी. बाकीचं यांचं."